इटलीतल्या आजीचं लहानपण

(भागाचं लिखित रूप. बोलताना राहून गेलेली दोन-चार वाक्यं इथे घातली आहेत, बाकी बोलले तसंच.)

अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरहून बोलतेय. इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये आजचा विषय जरा वाट सोडून वाटेल, पण ऐका.

गेल्या काही महिन्यांत नर्सिंग केलेल्या आणि करत असलेल्या पोरापोरींचे मेसेज वाढलेत. जर्मनीला जायचंय, इस्रायलला जायचंय, इटलीत म्हाताऱ्या माणसांकडे बघायला लोक लागतात म्हणे, खरं का? खरं आहे. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, ते बहुतेकांना माहीत आहे. त्याच्या थोडं आधी, २ नोव्हेंबर २०२३ ला, रोममध्ये भारत आणि इटलीतही स्थलांतराचा करार झाला, ते फार कुणाच्या कानावर आलेलं नाही. आता व्हिसा, पगार, एजंट यातलं मला काही विचारू नका. मला इतिहास सांगता येतो. आणि माझं म्हणणं असं आहे की म्हाताऱ्या इटालियन माणसाला अंघोळ घालायची, जेवू घालायचं, रात्री त्याच्या उशाशी बसायचं, तर तिथे कामाला येणारी पहिली गोष्ट इतिहासच आहे.

कारण "इटालियन संस्कृती" असं मोबाईलवर शोधलं तर काय येतं? पिझ्झा, हातवारे, गालाला गाल लावून नमस्कार. हे सगळं पर्यटकाला पुरतं. जिच्या घरात तुम्ही चोवीस तास राहणार आहात, तिच्याबद्दल यातून काही कळत नाही.

म्हणून आधी एक साधा हिशेब करू. इटलीत आज दर चार माणसांमागे जवळपास एक जण पासष्टीच्या पुढचा आहे. ज्यांना खरोखर माणूस ठेवावा लागतो ते बहुतेक ऐंशी-नव्वदीतले. आज जी आजी ९० वर्षांची आहे, ती जन्मली १९३५ च्या आसपास. तेव्हा मुसोलिनी सत्तेत येऊन तेरा वर्षं झाली होती. १० जून १९४० ला इटली युद्धात उतरली तेव्हा ही पाच वर्षांची. शाळेत जायला लागली तर सहा ते आठ वर्षांच्या मुलांची सरकारी संघटना होती, तिचं नाव 'लांडगीची लेकरं'. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीने शरणागती जाहीर केली, त्याबरोबर कालपर्यंतचे मित्र असलेले जर्मन देशाचा ताबा घेऊन बसले, आणि पुढची वीस महिने लढाई गावागावांतून, कधी कधी घराघरांतून चालली. ही आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. म्हणजे सगळं आठवेल एवढी मोठी, पण काहीच समजणार नाही एवढी लहान.

१९४४ च्या वसंतात रोमसारख्या राजधानीत पावाचं रेशन माणशी दिवसाला १०० ग्रॅमवर आलं होतं. कॉफी मिळत नव्हती, तर लोक भाजलेलं सातू आणि चिकोरीचं मूळ उकळून काळं पाणी प्यायचे. आजही इटलीत 'ओर्झो' नावाची सातूची कॉफी मिळते आणि कित्येक म्हातारी माणसं ती आवडीने मागतात. त्यामुळे अशा आजीने उरलेल्या पावाचा तुकडा रुमालात बांधून उशीखाली ठेवला, तर तिला "घाण करू नका" म्हणण्याआधी जरा थांबा. पाव टेबलावर उलटा ठेवला तरी जुनी माणसं अस्वस्थ होतात. तो सुलटा करून ठेवायचा, बस. आपल्याकडे ताटातल्या भाकरीला पाय लागला तर आजी हात लावून पाया पडायला लावते की नाही? तसंच समजा.

आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना १९७२ चा दुष्काळ विचारा. मराठवाड्यात ती पिढी अजून आहे. सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो. मिलोचं नाव काढलं की आजही काही जण तोंड वाकडं करतात. उत्तर इटलीत हे स्थान 'पोलेंता'ला आहे, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला सांजा. आता हॉटेलात तो कौतुकाने वाढतात. पण त्याच भागात जुन्या काळी गरीब शेतमजूर महिनोन् महिने फक्त मकाच खायचे आणि त्यातून 'पेलाग्रा' व्हायचा: कातडी सोलायची, जुलाब लागायचे, डोकं फिरायचं. वेनेतो भागातली वेड्यांची इस्पितळं या रोग्यांनी भरलेली असायची. (हा आजार आपल्याला परका नाही. हैदराबादच्या पोषण संशोधकांनी १९६० च्या सुमारास दख्खनमधल्या निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये हाच आजार अभ्यासला होता.) आता एखाद्या आजोबांनी पोलेंताची वाटी बाजूला सारली, तर त्यांना भूक नाही असा निष्कर्ष काढू नका. आणि एखाद्याने तीच मागितली तरी नवल करू नका. भुकेच्या दिवसांतलं अन्न कुणाला नकोसं होतं, कुणाला आईची आठवण होते.

आता त्या गोष्टीकडे येते जिच्यासाठी खरं तर हा भाग करावासा वाटला.

त्या वीस महिन्यांत इटलीच्या गावांतून जे परदेशी सैनिक गेले, त्यांत मराठी बोलणारी पोरं होती. थोडीथोडकी नव्हे. ब्रिटिश भारतीय सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन इटलीत लढल्या. सुमारे ५०,००० भारतीय सैनिक. त्यातले ५,७०० हून जास्त परत आले नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी यात होत्या, आणि त्यात कोकणातली, साताऱ्याची, नगरची शेतकऱ्यांची पोरं. आपला जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे भरतीची गणितं वेगळी होती, पण नगर जिल्हा आपल्याला किती लांब आहे? गोदावरी ओलांडली की शेवगाव.

यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातलं पळसगाव, आत्ताचा रायगड जिल्हा. हुद्दा नाईक, वय २२. १० जुलै १९४४, वरच्या तिबेर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. सेक्शनमधले बाकीचे सगळे पडले, काही मेले, काही जखमी झाले. एकटे घाडगे धावत पुढे गेले, ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदुकीची मॅगझिन बदलायला वेळच नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानेच मारलं. मोर्चा ताब्यात आला आणि तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि इटलीत, पेरूजा प्रांतात मोंतोने नावाचं टेकडीवरचं छोटं गाव आहे, तिथल्या लोकांनी जुलै २०२३ मध्ये घाडगे यांच्या नावाने स्मारक उभारलं. पुतळा नाही, सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये जे कोरलंय त्याचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली.

दुसरे नामदेव जाधव. गाव निमज, संगमनेरजवळ. ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. नदीला दोन्ही बाजूंनी पुराचं पाणी अडवायला बांधलेले उंच बांध, सगळीकडे सुरुंग पेरलेले, समोर जर्मन मशीनगन. जाधव कंपनीचे निरोप्ये होते. बरोबरचे जवळजवळ सगळे पडले. तेव्हा या माणसाने काय केलं? आधी एका जखमीला खांद्यावर घेतलं, खोल पाण्यातून, निसरड्या बांधावरून, सुरुंगांमधून मागे नेऊन ठेवलं. मग परत गेले आणि दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा गेले ते एकटे, आणि तीन मशीनगन बंद केल्या. शेवटी बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत बाकीच्यांना पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, जिवंत परतले, १९८४ मध्ये पुण्यात वारले.

पराक्रमाच्या गोष्टी आपण सांगतो तेव्हा मशीनगनवर भर देतो. मला त्या आधीच्या दोन फेऱ्या जास्त मोठ्या वाटतात. तुम्ही उद्या एखाद्या आजोबांना खुर्चीवरून पलंगावर उचलून ठेवाल, तेव्हा मराठी माणसाने त्या देशात कुणाला उचलून नेण्याची ती पहिली वेळ नसेल, एवढंच सांगते.

पण यात एक गोम आहे, ती लपवायला नको. याच मराठा पलटणी १९४१ मध्ये आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत इटालियन सैन्याशी लढल्या होत्या. हजारो इटालियन युद्धकैदी तेव्हा भारतात आणले गेले: भोपाळ, देहरादून, बंगळूर, हिमाचलमधलं योल. त्यामुळे "मी भारतातून आलेय" म्हटल्यावर एखादे आजोबा म्हणतील, माझे वडील तिथे कैदेत होते. ते रागाने म्हणतील की मायेने, आधी सांगता येणार नाही. ऐकून घ्या. खाणं-पाणी कसं होतं, घरी काय सांगायचे, विचारा. म्हातारा माणूस बोलता झाला की औषधही नीट घेतो, हे तर वॉर्डात काम केलेल्या कुणालाही माहीत आहे.

अजून अवघड गोष्ट. रोमच्या दक्षिणेला चोचारिया नावाचा भाग आहे. मे १९४४ मध्ये कासीनोची जर्मन फळी फुटल्यावर फ्रेंच सैन्यातल्या मोरोक्कन तुकड्यांनी तिथल्या गावांत बायकांवर मोठ्या प्रमाणावर अत्याचार केले. यावरच्या कादंबरीवर १९६० मध्ये चित्रपट निघाला आणि सोफिया लॉरेनला त्यासाठी ऑस्कर मिळालं. त्या भागातली एखादी म्हातारी, डोकं थोडं भरकटलेलं, रात्री दार उघडून आत आलेल्या सावळ्या अनोळखी माणसाला बघून किंचाळली, तर तिथे दोन शक्यता असतात. एक, साधा वर्णद्वेष, तो इटलीत आहे आणि त्याला इतिहासाचं पांघरूण घालायची मला इच्छा नाही. दुसरी, ती आजी त्या क्षणी १९४४ मध्ये आहे. पहिल्या गोष्टीची तक्रार करायची असते. दुसऱ्या वेळी दिवा लावायचा, दारातच थांबायचं, स्वतःचं नाव सांगायचं, आवाज खाली ठेवायचा. कुठली वेळ कोणती आहे हे ओळखायला घरच्यांना विचारा: या कुठल्या गावच्या, युद्धात कुठे होत्या?

तसंच जर्मन हा शब्द. १२ ऑगस्ट १९४४ ला तोस्कानातल्या सांतान्ना दी स्तात्सेमा गावात जर्मन एसएस तुकड्यांनी पाचशेहून जास्त माणसं मारली, त्यात लहान मुलं पुष्कळ. २५ एप्रिल हा मुक्तिदिन म्हणून सुट्टीचा दिवस असतो, पण सगळ्या घरांत तो सारख्या मनाने पाळला जात नाही. त्या युद्धात इटालियन माणसं एकमेकांविरुद्धही लढली. कुणाचा भाऊ डोंगरात बंडखोरांबरोबर होता, कुणाचा मुसोलिनीकडे. कपाटावरचा तरुणाचा फोटो कुणाचा आहे हे कळेपर्यंत अभिनंदन करायची घाई नको.

मेलेल्यांवरून आठवलं. इटलीत फोर्ली या शहरात भारतीय सैन्याची युद्ध दफनभूमी आहे. तिथे दहन झालेल्या हिंदू आणि शीख सैनिकांचं वेगळं स्मारक आहे, जवळजवळ ८०० जणांचं. विचार करा, कॅथलिक चर्चने दहनाला परवानगी दिली १९६३ मध्ये. त्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधी त्या देशात आपल्या पोरांच्या चिता पेटल्या होत्या. आजही जुन्या इटालियन माणसाला पुरणं आणि कबरीवर जाणं याचं फार महत्त्व असतं. २ नोव्हेंबर हा त्यांचा पितरांचा दिवस. त्या दिवशी सगळं गाव स्मशानात जातं आणि कबरींवर फुलं वाहतं. कोणती फुलं? शेवंती! आपल्याकडे दसऱ्याला, लग्नाला, देवाला जी लागते तीच. म्हणून कामाच्या पहिल्या दिवशी आजीला खूश करायला शेवंतीचा गुच्छ नेऊ नका. ती त्याचा अर्थ भलताच घेईल. आजी चालू शकत नसेल तर २ नोव्हेंबरला तिला व्हीलचेअरवरून नवऱ्याच्या कबरीपर्यंत न्या. त्या एका फेरीने जे नातं जुळेल ते सहा महिन्यांच्या गोड बोलण्याने जुळणार नाही.

युद्ध संपलं म्हणजे हाल संपले असं झालं नाही. २ जून १९४६ ला मतदान होऊन राजा गेला, प्रजासत्ताक आलं, देशपातळीवर बायकांनी पहिल्यांदा मत दिलं. पण पोट? तोस्काना, उंब्रिया, मार्के या भागांत जमीन बटईने कसायची पद्धत होती. 'मेत्साद्रिया' म्हणायचे, अर्धं पीक मालकाला. घाडगे जिथे पडले ते खोरंही याच बटईवाल्यांचं. १९६४ च्या कायद्याने नवे करार बंद झाले. उत्तरेला वेर्चेल्ली, नोव्हारा या भातपट्ट्यात दर उन्हाळ्याच्या तोंडाला हजारो बायका गावोगावहून यायच्या, चाळीसेक दिवस गुडघाभर पाण्यात वाकून तण काढायच्या, रात्री मोठ्या खोल्यांमध्ये एकत्र झोपायच्या. मजुरीचा काही भाग तांदळात मिळायचा. त्यांना 'मोंदीने' म्हणायचे. आपल्या कारखान्याच्या फडात कोयता घेऊन राबणारी, पाचटाच्या खोपीत राहणारी बाई डोळ्यांपुढे आणा, मग मला आणखी काही सांगावं लागणार नाही. त्या तरुण पोरींपैकी ज्या आज जिवंत आहेत त्यांच्या कमरेचं आणि गुडघ्यांचं दुखणं कुठून आलं, हे त्यांच्या फाइलमध्ये लिहिलेलं नसतं.

आणि स्थलांतर. १९४६ मध्ये इटलीने बेल्जियमशी करार केला: आम्ही खाणींसाठी माणसं देतो, तुम्ही आम्हाला कोळसा विका. ८ ऑगस्ट १९५६ ला मार्सिनेलच्या खाणीत आग लागली, २६२ माणसं मेली, त्यातले १३६ इटालियन. दक्षिणेतून लाखो लोक रेल्वेने तोरिनोला फियाटच्या कारखान्यात गेले. तिथे घरांवर पाट्या असायच्या की दक्षिणेकडच्यांना खोली भाड्याने मिळणार नाही. म्हणजे तुम्ही ज्या आजोबांची पाठ पुसणार आहात ते स्वतः कधीकाळी परक्या शहरात, तुटक्या भाषेत, कोंदट खोलीत राहिलेले असू शकतात. काहींना हे आठवतं आणि ते तुमच्याशी हळुवार वागतात. काहींना आठवतं म्हणूनच ते कडक वागतात. माणसं आपल्यासारखीच आहेत हो.

भाषेचंही असंच. तुम्ही इटालियनचा कोर्स कराल, परीक्षा द्याल, आणि तिथे गेल्यावर आजी भलतंच काहीतरी बोलेल. घाबरू नका. १८६१ मध्ये देश एक झाला तेव्हा शंभरातल्या दोन-तीन जणांनाच इटालियन येत होती, असा भाषातज्ज्ञ तुल्लिओ दे माउरो यांचा अंदाज होता. बाकी सगळे आपापली बोली बोलायचे: नापोलीची, वेनेतोची, सिसिलीची. खरी एक भाषा घराघरात आली ती टीव्हीबरोबर. ३ जानेवारी १९५४ ला सरकारी टीव्ही सुरू झाला. १९६० ते १९६८ आल्बेर्तो मान्झी नावाचे गुरुजी टीव्हीवर फळ्यावर चित्रं काढत प्रौढांना लिहा-वाचायला शिकवायचे. कार्यक्रमाच्या नावाचा अर्थ, कधीच फार उशीर झालेला नसतो. लाखो माणसं त्यावर साक्षर झाली. म्हणजे तुमच्या आजीसाठी इटालियन ही शाळेची, टीव्हीची भाषा असू शकते. आईची भाषा दुसरीच. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बहुतेक वेळा आधी निसटते आणि बालपणीची मागे उरते. तेव्हा तिच्या बोलीतले वीस शब्द शिका: पाणी, दुखतंय, थंडी, आई, घरी जायचंय. कोर्समध्ये हे मिळणार नाही, तिच्या लेकीकडून मिळेल.

'अहो-जाहो'ची सवय आपल्याला आहे, ती तिथे उपयोगी पडते. 'तू' म्हणजे 'तू'च, आदराने बोलायचं तर 'लेई'. मुसोलिनीने १९३८ मध्ये हे 'लेई' बायकी आणि परकं ठरवून मोडीत काढायचा घाट घातला होता, त्याऐवजी 'वोई' म्हणा असा हुकूम! हुकूम गेला, पण दक्षिणेत म्हाताऱ्यांना 'वोई' म्हणायची रीत हुकमाच्या आधीपासून होती, ती काही ठिकाणी अजून आहे. तुम्ही 'लेई'ने सुरुवात करा. आणि आपण कुठल्याही म्हातारीला सरळ "आजी" म्हणतो, तसं तिथे 'नोन्ना' म्हणू नका. नोन्ना ही नातवंडांची. परक्याने पहिल्याच दिवशी म्हटलं तर काहींना ते म्हातारपणावर बोट ठेवल्यासारखं वाटतं. 'सिन्योरा' आणि आडनाव. ती स्वतः म्हणाली की नोन्ना म्हण, तर मग म्हणा.

बाकी लहानसहान गोष्टी भराभर सांगते. कॉफीचं ते अष्टकोनी भांडं, मोका, १९३३ चं, म्हणजे जवळपास त्या आजीच्याच वयाचं. जुनी माणसं ते साबणाने घासू देत नाहीत. आपल्या आजीचा बिडाचा तवा लक्षात ठेवा. दुधाची कॉफी सकाळीच. स्पॅगेटी मोडून पातेल्यात घातली तर तुमच्याबद्दलचं मत कायमचं बनेल. (गिळायला त्रास असेल तर डॉक्टरांचं ऐकायचं, परंपरेचं नाही.) ओल्या केसांनी खिडकीत उभं राहिलं की वारं बाधतं, मान धरते, यावर त्यांची आपल्या आजीइतकीच ठाम श्रद्धा आहे. वाद घालू नका, शाल द्या. आजोबा दाढी केल्याशिवाय डॉक्टरसमोर जायला तयार नसतील तर उशीर झाला तरी दाढी करून द्या. चारचौघांत नीट दिसणं याला ते 'बेल्ला फिगूरा' म्हणतात. आपल्याकडचे आजोबा टोपी घातल्याशिवाय फोटो काढू देतात का? पलंगाच्या वर पाद्रे पिओंचा फोटो असेल, आपल्याकडे गजानन महाराजांचा असतो तसा. पण सगळेच भाविक असतात हे गृहीत धरू नका. एमिलिया-रोमान्यात कम्युनिस्टांचे बालेकिल्ले होते. तिथे त्याच जागी बेर्लिंग्वेर या पुढाऱ्याचा फोटो सापडू शकतो, आणि पाद्री बोलावू का असं विचारल्यावर आजोबा भडकू शकतात.

आणि १५ ऑगस्टला आपला स्वातंत्र्यदिन असतो, तेव्हा त्यांचा 'फेरागोस्तो'. सगळं शहर समुद्रावर जातं, दुकानं बंद, मुलं-नातवंडं सुट्टीवर. मागे उरतात ती म्हातारी माणसं आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायका.

या बायकांना इटलीत 'बदांते' म्हणतात. 'बदारे' म्हणजे लक्ष ठेवणं, राखणं. गुरं राखायलाही हेच क्रियापद चालतं. कित्येकींना हा शब्द आवडत नाही, आणि मला त्यांचं पटतं. युक्रेन, रोमानिया, मोल्दोवा, पेरू, फिलिपिन्समधून आलेल्या या बायकांनी गेली तीसेक वर्षं इटलीची म्हातारी पिढी अक्षरशः उचलून धरली आहे. २००५ मध्ये युक्रेनच्या दोन मनोविकारतज्ज्ञांनी परत आलेल्या अशा बायकांमध्ये एक खोल उदासी नोंदवली आणि तिला नावच दिलं, 'इटली सिंड्रोम'. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या आईकडे बघायचं, स्वतःची लेकरं आजीकडे ठेवून. ही गोष्ट अंबड, घनसावंगीत, शेजारच्या बीडमध्ये नव्याने सांगायला नको. दिवाळीनंतर टोळ्या निघतात तेव्हा वस्तीवर कोण राहतं? म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. त्या म्हाताऱ्यांकडे कोण बघतं, याचा करार कुठल्याही सरकारने कुणाशी केलेला नाही.

मुकादमही तिथे आहे बरं का. 'कापोराले' म्हणतात. शेतावर मजूर पुरवायचा, मजुरीतून स्वतःचा वाटा कापायचा. त्याविरुद्ध २०१६ मध्ये कडक कायदा झाला. तरीही जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेला लातिना भागात सतनामसिंग या पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला आणि दवाखान्यात न्यायचं सोडून त्याला घराबाहेर टाकून दिलं गेलं. तो वारला. संबंध देशात मोर्चे निघाले. म्हणून जाणाऱ्यांना एवढंच: काम शेतातलं असो की घरातलं, लेखी करार, आठवड्याची सुट्टी, स्वतःचा पासपोर्ट स्वतःच्या बॅगेत. आजी कितीही प्रेमळ असली तरी.

तर आता तुमच्याकडून एक हवंय. तुमच्या घरात, भावकीत, आजोळी कुणी पणजोबा 'इटलीच्या लढाईत होते' असं सांगतात का? पत्र्याच्या पेटीत मेडल, पेन्शनचं पुस्तक, एखादा फोटो? व्हॉइस नोट पाठवा. गावाचं नाव, पलटणीचं नाव, आठवत असेल तेवढं. आणि कुणी इटलीत काम करत असेल तर त्यांच्याकडून एक प्रश्न विचारून घ्या, तिथल्या आजी-आजोबांना: लहानपणी फेटेवाले किंवा काळेसावळे हिंदी सैनिक पाहिल्याचं आठवतं का? जे येईल ते पुढच्या महिन्याच्या भागात ऐकवते.